गरम हवा, उशिराची ठिणगी

पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ज्यावर ठरतो ते एकाच सिलिंडरचं सीएफआर इंजिन १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वॉकेशा गावी तयार झालं. त्याच घडणीची इंजिनं आजही प्रयोगशाळांत चालतात. ‘रिसर्च’ पद्धतीच्या चाचणीत ते मिनिटाला ६०० फेरे घेतं आणि आत जाणारी हवा ५२ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेली असते. ‘मोटर’ पद्धतीत फेरे ९०० आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. तेच पेट्रोल इथे बहुधा आठ-दहा गुणांनी मागे पडतं. पंपावरच्या आकड्यात आत येणाऱ्या हवेचा उष्मा असा आधीच मिसळलेला असतो.

ठिणगी पडली की सगळं मिश्रण एकदम पेटत नाही, ज्वाळा पसरत जाते. त्याला दोनेक मिलिसेकंद लागतात असं धरा. ३००० फेऱ्यांवर तेवढ्यात क्रँक ३६ अंश फिरून जातो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. सिलिंडरमधला दाब माथा ओलांडल्यावर बारा-पंधरा अंशांवर शिगेला पोचला, तर ताकद सर्वांत जास्त मिळते.

गरम हवेने हे गणित बिघडतं. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचा बुडखा हाताला चटका देतो, तेच इथे. दहास एक दाबणाऱ्या इंजिनात २७ अंशांची हवा ढोबळ हिशेबाने ४०० अंशांपर्यंत जाते. आत येतानाच ती ५७ अंशांची असेल तर ४६५च्या पुढे. बाहेरचा तीस अंशांचा फरक आत दुपटीहून मोठा होतो. मग ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि आतला वायू सहा-सात हजार हर्ट्‌झने थरथरतो. चढावर ऐकू येणारं ते टकटक म्हणजे नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टनचा बळी जातो.

जुन्या डिस्ट्रिब्यूटरला फेरे कळायचे, व्हॅक्यूमवरून भार कळायचा. हवेचा उष्मा मात्र नाही. आजच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, त्यासाठी वेगळा तक्ता असतो: हवा इतकी तापली की ठिणगी इतके अंश उशिरा. नॉक सेन्सर असतोच की, असं कुणी म्हणेल. पण तो ठोका पडल्यावर जागा होतो, तक्ता आधीच हात आखडता घेतो.

खरी मेख भाराच्या मोजमापात आहे. भार हवेच्या वजनावरून मोजला जात असेल, तर विरळ गरम हवेत तो कमी दिसतो आणि फेरे-भारावरून ठिणगीची वेळ ठरवणारा मूळ नकाशा कमी भार पाहून ठिणगी आणखी आधी टाकतो! त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, कमी हवेचा दाबही कमी. पण तापलेल्या मिश्रणाला तेवढी सूट झेपत नाही. तापमानाचा तक्ता हेही निस्तरतो. मात्र तो सगळ्या भारांना सरसकट लावणं मला आळशीपणाचं वाटतं. सपाट रस्त्यावर रमतगमत चाललेल्या गाडीत नॉकिंगची भीती जवळपास नसते. तिथे ठिणगी उशिरा टाकली की उष्णता सायलेन्सरमधून वाया जाते आणि पेट्रोल जास्त लागतं.

शिवाय तापमानाचा सेन्सर सांगतो ते हवेचंच तापमान असेल असं नाही. मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलवर थांबलेल्या गाडीत मॅनिफोल्डचा धातू तापतो, त्यात बसवलेला सेन्सर धातूचीच खबर देतो आणि गाडी निघाल्यावर थोडा वेळ सुस्त वाटते. टर्बो इंजिनात तर सेन्सर इंटरकूलरच्या आधी आहे की नंतर, यावर सगळा तक्ता बदलतो.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं, आपल्याकडच्या साखर कारखान्यांतूनही येतं ते. त्याची वाफ व्हायला किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. थेट सिलिंडरमध्ये फवारलं तर ते आतलीच हवा गार करतं, तीही सेन्सरला ओलांडून आल्यानंतर. सेन्सरला याचा पत्ताच नसतो. तिथे तक्त्याला थोडं सैल सोडता येतं. इंजेक्टर बाहेर, व्हॉल्व्हच्या तोंडाशी असेल तर मात्र बरीचशी वाफ व्हॉल्व्हच्याच उष्णतेवर होते आणि हवेला मिळणारा गारवा तेवढा घटतो.