पहिली धार आणि केकचा डबा

केरळातील तलश्शेरी येथे मंबल्ली बापू नावाचे एक बेकरीवाले होते. मर्डोक ब्राऊन या ब्रिटिश मळेवाल्याने १८८३ साली त्यांना इंग्लंडहून आणलेला ख्रिसमस केक चाखायला दिला आणि तसाच केक करून मागितला. त्यासाठी लागणारी ब्रँडी जवळच्याच माहे या फ्रेंच वसाहतीतून आणावी, असेही सुचवले. बापूंनी मात्र काजूची बोंडे आणि केळी यांपासून केलेली गावठी दारू वापरली आणि ब्राऊनसाहेब केकवर बेहद्द खूश झाले, असे सांगतात. भारतात तयार झालेला पहिला ख्रिसमस केक म्हणून ही हकिकत प्रसिद्ध आहे.

या हकिकतीतून दोन प्रश्न निघतात. घरगुती पद्धतीने केलेल्या फळांच्या दारूत नेमके काय असते? आणि ती केकमध्ये जाऊन काय करते? दोन्हींचे उत्तर शोधताना आपल्याला अल्कोहोलपेक्षा पाण्याकडेच अधिक लक्ष द्यावे लागते.

फळांचा रस आंबवून तो गाळला, म्हणजे त्याचे ऊर्ध्वपातन केले, की जे मिळते ती ब्रँडी. द्राक्षांची ब्रँडी सर्वांना ठाऊक असते. सर्बियात आलुबुखाराच्या जातीच्या फळांपासून ‘श्लिवोव्हित्सा’ घरोघरी गाळतात. २०२२ साली युनेस्कोने या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. आपल्या शेजारी गोव्यात काजूच्या बोंडांचा रस नैसर्गिक यीस्टवर आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या गाळपात मिळणारा सौम्य तो उर्राक आणि पुन्हा गाळून मिळणारी कडक ती फेणी. या अर्थाने फेणी ही ब्रँडीच होय.

आंबलेल्या रसात साधारण ८ ते १० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलचा उत्कलनबिंदू ७८ अंश सेल्सियस आणि पाण्याचा १००, म्हणून ७८ अंशांना सगळे इथेनॉल उडून जाईल आणि पाणी मागे राहील, असे विद्यार्थी हमखास लिहितात. प्रत्यक्षात असा रस ९२-९३ अंशांच्या आसपास उकळतो आणि पहिल्या वाफेत इथेनॉल सुमारे निम्मे असते, बाकीचे पाणीच. मिश्रणातला प्रत्येक घटक आपल्या एकट्याच्या उत्कलनबिंदूप्रमाणे वागत नाही. शेजारचे रेणू त्याला किती धरून ठेवतात, यावर त्याचे उडणे ठरते.

‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आपण एरवीही वापरतो. गाळपाच्या सुरुवातीला इथेनॉल सर्वाधिक असते, म्हणून ही धार कडक आणि मानाची. परदेशी पुस्तके नेमके उलटे सांगतात: पहिली धार फेकून द्या, तिच्यात विषारी मिथेनॉल असते. मिथेनॉलचा उत्कलनबिंदू ६४.७ अंश असल्यामुळे हे पटकन पटतेही. पण हा तर्क वर सांगितलेल्या चुकीचाच भाऊ आहे. मिथेनॉलचा रेणू लहान, त्याचा हायड्रोकार्बनचा भाग इथेनॉलपेक्षा आखूड; त्यामुळे तो पाण्यात अधिक रमतो. पाणी भरपूर असलेल्या मिश्रणातून तर इथेनॉलच मिथेनॉलपेक्षा सहज वाफेत जाते. परिणामी साध्या भट्टीत मिथेनॉल पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत येत राहते. पहिल्या धारेत झपाट्याने निघून जातात ती ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट ही उग्र वासाची द्रव्ये. ती टाकल्याने चव सुधारते, मिथेनॉलचा प्रश्न सुटत नाही.

फळांच्या दारूत मिथेनॉल येते कोठून? फळाला घट्टपणा देणाऱ्या पेक्टिनमध्ये मिथाइल गट असतात. फळातीलच एक विकर ते तोडते आणि मिथेनॉल मोकळे होते. म्हणजे ते काही भट्टीवर तयार होत नाही, रसातच असते. मात्र त्याचे प्रमाण थोडे असते. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे फळांच्या ब्रँडीत १ लिटर शुद्ध अल्कोहोलमागे सर्वसाधारणपणे १० ग्रॅमपर्यंत मिथेनॉल चालते. ४० टक्क्यांच्या १ लिटर ब्रँडीत फार तर ४ ग्रॅम. शिवाय सोबतचे इथेनॉल यकृतातील तेच विकर अडवून धरते, त्यामुळे मिथेनॉलपासून घातक फॉर्मिक आम्ल बनणे लांबते. मिथेनॉलच्या विषबाधेवर इथेनॉल हा उपचार म्हणून वापरतात, तो याच कारणाने.

मग माणसे कशाने मरतात? जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभराहून अधिक लोक दगावले. तेथील मिथेनॉल फळांतून आलेले नव्हते. उद्योगात द्रावक म्हणून वापरले जाणारे स्वस्त मिथेनॉलच दारू म्हणून विकले गेले होते. १० मिलिलिटर मिथेनॉल दृष्टी घालवायला पुरते, ३० मिलिलिटर जीव घ्यायला. रंगाने, वासाने, चवीने ते ओळखता येत नाही. ज्योत निळी आली की दारू चांगली, ही समजूत तर फारच धोक्याची आहे, कारण मिथेनॉलही निळ्याच ज्योतीने जळते. ही एक गोष्ट वरच्या वर्गातील मुलांना आवर्जून सांगावी. शाळेच्या दिव्यातल्या स्पिरिटमध्येही मिथेनॉल मिसळलेले असू शकते, हेही त्याच तासाला.

घरी दारू गाळणे आपल्याकडे परवान्याशिवाय गुन्हा आहे आणि तापत्या भट्टीजवळ अल्कोहोलची वाफ पेट घेते ते वेगळेच. मात्र युरोपात ‘घरची चेरी ब्रँडी’ म्हणतात ती बहुधा गाळलेली नसतेच. विकतच्या ब्रँडीत चेरी आणि साखर घालून बरणी काही महिने ठेवलेली असते, एवढेच. आपल्या मुरांब्याचीच ही चुलत बहीण. ख्रिसमस केकसाठी मनुका, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल हे सारे रम किंवा ब्रँडीत काही आठवडे भिजवतात तेही तसेच.

बेदाणा येथे फुगतो तेव्हा फळ्यावर ‘परासरण’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण सुकलेल्या बेदाण्याच्या पेशी मेलेल्या असतात, त्यांची पटले शाबूत नसतात. ब्रँडीतील पाणी आणि अल्कोहोल आत शिरते, आतली साखर, रंग आणि वास बाहेर येतात. हे मुख्यतः दोन्ही बाजूंनी चाललेले विसरण आहे. २० ग्रॅम बेदाणे साध्या पाण्यात आणि तितकेच साखरेच्या दाट पाकात ठेवून दर तासाला पुसून वजन करावे. दोन आलेखांतला फरक वर्गात पाहण्यासारखा असतो, आणि त्याला दारूचा थेंबही लागत नाही.

भाजताना अल्कोहोल सगळे उडून जाते, ही आणखी एक लाडकी समजूत. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मिसळून भाजलेल्या पदार्थात १ तासाने सुमारे २५ टक्के आणि अडीच तासांनी ५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहते. कारण पुन्हा तेच: पाणी त्याला धरून ठेवते.

केक थंड झाल्यावर त्याला सुईने भोके पाडून दर आठवड्याला दोन चमचे ब्रँडी पाजतात, बटर पेपरात गुंडाळतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. असा केक महिना-दोन महिने बुरशीवाचून राहतो. येथे काम दोन पहारेकरी करतात. साखर आणि सुका मेवा पाण्याला इतके बांधून ठेवतात की बुरशीला ते वापरता येत नाही; मुरांबा टिकतो तो यामुळेच. दुसरे म्हणजे इथेनॉल. १ किलोच्या केकमध्ये पाणी २० टक्के, म्हणजे २०० ग्रॅम धरू. ४२.८ टक्क्यांची १२० मिलिलिटर ब्रँडी चार आठवड्यांत पाजली, तर सुमारे ४० ग्रॅम इथेनॉल आणि ७० ग्रॅम पाणी वाढते. केकच्या एकूण वजनात इथेनॉल साडेतीन टक्केच, पण केकमधल्या पाण्याच्या हिशेबात ते १३ टक्क्यांच्या घरात जाते. बुरशी जगते ती या पाण्यात. उरलेली राखण डब्यातली इथेनॉलची वाफ करते. जपानमध्ये केकच्या पाकिटात इथेनॉलची वाफ सोडणाऱ्या पुड्या घालतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. डबा वारंवार उघडून वास घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. ब्रँडी एकदम ओतली तर मात्र केक लगदा होतो.

याच हिशेबाने ५० ग्रॅमच्या तुकड्यात पावणेदोन ग्रॅमपर्यंत इथेनॉल येते. ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते १० ग्रॅम असते. आकडा लहान असला तरी शून्य नाही. म्हणून मुलांसाठी केक करायचा तर फळे संत्र्याच्या रसात भिजवावीत, वरून काही पाजू नये आणि केक शीतकपाटात ठेवून आठवड्याच्या आत संपवावा.