एक पलटण, दोन डिव्हिजन

दोस्तांनो, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. ही गोष्ट तुम्ही आई-बाबांकडून ऐकली असेलच. पहिल्याच गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी! रूळ होते म्हणून ते पोचलं. पण रूळच नसते तर?

त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, एप्रिल १९१६ मध्ये, आपल्या मराठा जवानांवर अशीच वेळ आली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. इंग्रजांच्या हिंदी फौजेतली सहावी 'पूना डिव्हिजन' इराकमधल्या कुत गावात अडकली. डिव्हिजन म्हणजे अनेक पलटणींची मिळून झालेली हजारोंची फौज. नांदेडकरांना जशी गोदावरी, तशी कुतकरांना तैग्रिस नदी. तिचा गावाला तीन बाजूंनी वेढा. चौथ्या बाजूला तुर्की फौज!

बसऱ्याहून रसद आणायला रेल्वे नव्हती, होती फक्त नदी आणि मोजक्या बोटी. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, पण एवढ्या माणसांना ती कुठून पुरणार? शेवटी घोडे मारून खायची पाळी आली. धर्मामुळे कित्येक हिंदी जवानांनी ते मांस नाकारलं. अखेर २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जणांना शरण जावं लागलं. त्यांतले हजारो कैदेतच मेले.

या वेढ्यात १०३वी मराठा पलटणही होती. १९२२ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती मराठा रेजिमेंटची पहिली पलटण झाली. तीच 'जंगी पलटण'!

दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण आठव्या इंडियन डिव्हिजनमधून इटलीत लढली. इथेही नद्याच आडव्या आल्या. पण आता पाठीशी बंदरं होती, ट्रक होते, पुलाचे तयार भाग होते. मे १९४४ मध्ये गारी नदीवर इंजिनिअरांनी शत्रूच्या माऱ्यातच रातोरात पूल उभा केला. पुढे ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर याच पलटणीच्या शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून नदीपार नेलं, मग शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली. नगर जिल्ह्यातल्या या जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मग कुतचे जवान कमी शूर होते का? मुळीच नाही! पलटण तीच, हिंमत तीच. कमी पडली ती भाकरी, आणि ती पोचवायची वाट.

म्हणून दोस्तांनो, लढाईची गोष्ट वाचताना एक प्रश्न जरूर विचारा: या जवानांचं जेवण कुठून येत होतं?