ऊठबशा, टोमणे, चिडवणं... शाळेत मुलाचा अपमान झाला तर पालकांनी काय करायचं? वाचा सोप्या शब्दांत

दुसरी-तिसरीतलं मूल घरी येऊन ‘आज बाईंनी मला मारलं’ असं सहसा सांगत नाही. सकाळी पोट दुखतं, डबा तसाच परत येतो, एखाद्या ठरावीक वाराला शाळा नकोशी होते. चौकशी केली की कळतं, वर्गात सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हटलं गेलं किंवा बाकावरची मुलं रोज एकाच नावाने चिडवतात. ‘एवढं तर चालायचंच’ म्हणून आपण विषय सोडून देतो. कायदा मात्र हे ‘चालायचंच’ मानत नाही.

कायदा नेमकं काय सांगतो?

२००९चा शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच आरटीई, १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याचं कलम १७ दोन गोष्टींना मनाई करतं: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ. दोन्ही एकाच वाक्यात आहेत. म्हणजे छडी जितकी बेकायदा, तितकाच वर्गासमोर केलेला पाणउताराही बेकायदा. दोषी व्यक्तीवर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करता येते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आरटीई लागू नाही. पण २०१५चा बाल न्याय कायदा सगळीकडे आहे. मुलाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने त्याला क्रूर वागणूक दिली, तर कलम ७५ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मानसिक छळात काय काय येतं?

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शारीरिक शिक्षा, मानसिक छळ आणि भेदभाव असे तीन भाग आहेत. कोंबडा करणं, बाकावर उभं करणं, गुडघ्यांवर बसवणं हे पहिल्या भागात येतं. टोमणे मारणं, नावं ठेवणं, घाबरवणं हे दुसऱ्यात. जात, घरची परिस्थिती किंवा अपंगत्व यावरून वेगळी वागणूक देणं हे तिसऱ्यात. फी भरली नाही म्हणून सर्वांसमोर उभं करणं, हाही अपमानच.

मुलंच एकमेकांना त्रास देत असतील तर?

इथे पोलिसांचा मार्ग जवळजवळ नाहीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार ७ वर्षांखालच्या मुलाची कोणतीही कृती गुन्हा ठरत नाही. आणि तसा तो ठरूही नये. या वयातलं मूल घरी-दारी ऐकलेलंच शाळेत बोलतं. त्यामुळे त्रास देणाऱ्यालाही शिक्षेपेक्षा समजावण्याची गरज जास्त असते. जागा बदलणं, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणं, दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलणं, ही शाळेची कामं आहेत. गेटवर गाठून दुसऱ्याच्या मुलाला दम देणं हे पालकांचं काम नाही.

तक्रार कुठे करायची?

१. आधी वर्गशिक्षकांशी बोला, मग मुख्याध्यापकांशी. दुसऱ्या भेटीनंतर लेखी अर्ज द्या. तारीख, घटना आणि अपेक्षा तीन-चार ओळींत लिहा आणि पोच घ्या.

२. शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. सरकारी आणि अनुदानित शाळांत या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तर निम्म्या सदस्य महिला असतात.

३. राज्याच्या ५ मे २०१७च्या शासन निर्णयानुसार शाळेत तक्रारपेटी आणि १० मार्च २०२२च्या निर्णयानुसार ‘सखी सावित्री’ समिती असायला हवी. तुमच्या शाळेत पेटी कुठे आहे आणि समितीत कोण आहे, हे पुढच्या पालकसभेत विचारा.

४. तरीही दाद मिळाली नाही तर आरटीईच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी कार्यालय, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. तिचा निर्णय ३ महिन्यांत व्हायला हवा. त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

मुलाला तातडीने मदत हवी असेल तर १०९८ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर?

मग वरच्या पायऱ्या चढत बसू नका, थेट पोलिसांकडे जा. अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने ती दडवली तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यामागे तक्रारीची वेळेवर दखल घेतली गेली नाही हाच संताप होता. मुलाचं नाव, फोटो किंवा शाळेचा तपशील व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

‘तक्रार केली तर मुलावर राग काढतील’

बहुतेक पालक याच भीतीने गप्प बसतात. त्यावर दोन उपाय आहेत: एकट्याने न जाता आणखी दोन-तीन पालकांसोबत जा आणि बोलणं व्यक्तीबद्दल न करता घटनेबद्दल करा. ‘तुम्ही असेच आहात’ ऐवजी ‘मंगळवारी हे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करू या?’ असं विचारा.

शिक्षकांची बाजूही आहे. पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे १ शिक्षक असं आरटीईचं प्रमाण आहे. प्रत्यक्षात वर्ग त्याहून मोठा असेल तर शिक्षकाचा संयम सुटणं सोपं होतं. त्याने शिक्षा माफ होत नाही. पण वाढीव शिक्षकाची मागणी पालकांनीच समितीत लावून धरली, तर भांडणापेक्षा जास्त फरक पडतो.

आज घरी काय कराल?

‘आज काय शिकवलं?’ सोबत ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ हेही विचारा. उत्तर सलग काही दिवस ‘कुणाबरोबरच नाही’ असं आलं, तर शाळेत जायची वेळ झाली आहे.