टायमिंग बेल्टच्या शेजारचं सील

जुनी गाडी थोडं ऑइल गाळणारच, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की उभ्या गाडीखालचा काळा डाग कुणाला खटकत नाही. या समजुतीला एके काळी आधारही होता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी घ्या किंवा अँबॅसेडर घ्या, त्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्ट कॅमशाफ्टला फिरवायचा तो साखळीने. साखळी ऑइलमध्येच चालते, तिला ऑइल लागतंच. पुढच्या सीलमधून निसटलेलं ऑइल बाहेर पडायचं, खालचा भाग काळा करायचं आणि रस्त्यावर सांडायचं. मालक डिपस्टिक काढून पातळी बघायचा, कमी असेल तर अर्धा लिटर ओतायचा आणि विषय संपायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, हेडमध्येच कॅमशाफ्ट असलेलं इंजिन घरोघरी पोचलं. त्यातला कॅमशाफ्ट फिरवणारा टायमिंग बेल्ट रबराचा, आणि कोरडा चालणारा. २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत अशा पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. इंजिन बदललं, गळतीकडे बघायची नजर मात्र पद्मिनीच्या काळातलीच राहिली. बेल्टच्या इंजिनात पुढच्या सीलची गळती ही टायमिंग बेल्टच्या जिवावर उठणारी गोष्ट आहे. म्हणून ते सील बदलणं हे सुटं, किरकोळ काम समजू नये. इंजिनाची ती सगळी बाजू एकदाच उघडून, गळतीचं कारण शोधून करायचं ते काम आहे.

‘पुढची’ बाजू म्हणजे बेल्टची बाजू. मारुतीसारख्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे ही बाजू रेडिएटरकडे न येता एका चाकाकडे येते. तिथे दोन सीलं असतात. क्रँकचं सील खाली, ऑइल पंपाच्या आवरणात बसतं. कॅमचं वर, हेडमध्ये. दोन्ही प्लास्टिकच्या टायमिंग कव्हरच्या आत असल्यामुळे गळती सुरू झाली तरी महिनोन्‌महिने दिसत नाही. ऑइल आधी बेल्टवर उडतं, कव्हरच्या तळाशी साचतं आणि मग बाहेर ठिबकतं. खाली डाग दिसेपर्यंत बेल्ट बरेच दिवस ऑइल पीत असतो. ऑइलने त्याचं रबर फुगतं, मऊ पडतं, दात सुटू लागतात. बेल्ट तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि ज्या इंजिनांत उघडे व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतात त्यांत व्हॉल्व्ह वाकून हेड उतरवावं लागतं. म्हणूनच ‘ऑइल ओतत राहू’ हे जुनं उत्तर इथे लागू पडत नाही. ओतलेल्या ऑइलने पातळी भरते, बेल्ट कोरडा होत नाही.

या सीलची घडण समजून घेण्यासारखी आहे, कारण ते का बिघडतं हे त्यातूनच कळतं. धातूचं कडं, त्यावर चढवलेलं रबर, आतल्या बाजूला धारदार ओठ आणि त्या ओठाला शाफ्टवर दाबून ठेवणारी बारीक स्प्रिंग. रबराच्या आधी हे काम चामडं करायचं. जर्मनीतल्या वाइनहाइम गावची फ्रॉइडेनबर्ग कंपनी मूळची चामडं कमावणारी. तिथल्या वाल्टर झिमर या इंजिनिअरच्या नावावरून जर्मनीत अशा सीलला आजही झिमररिंग म्हणतात. ओठ शाफ्टला टेकतो ती रेघ मिलिमीटरच्या अंशाएवढीच रुंद असते. पण चालत्या इंजिनात रबर धातूला थेट घासत नाही; मध्ये ऑइलचा जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा थर असतो. ओठाचा उतार ऑइलच्या बाजूला खडा आणि हवेच्या बाजूला सौम्य ठेवलेला असतो, त्यामुळे निसटू पाहणारं ऑइल फिरत्या शाफ्टबरोबर पुन्हा आतच ओढलं जातं. चांगलं सील गळती नुसती अडवत नाही, ती सतत परतवत असतं. तीन सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट मिनिटाला तीन हजार फेरे घेतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग ओठाखालून सेकंदाला पावणेपाच मीटर सरकतो. वर्षानुवर्षे, गरम ऑइलमध्ये, एवढ्याशा रबराने हे सांभाळायचं, ही मला थोर कामगिरी वाटते.

ती संपते तीन कारणांनी. पहिलं उष्णता: जुन्या गाड्यांतलं नायट्राइल रबर शंभर-सव्वाशे अंशांपलीकडे टिकत नाही, कालांतराने कडक होतं आणि शाफ्टच्या बारीकशा डुगडुगण्याबरोबर हलेनासं होतं. दुसरं, ओठाने शाफ्टवर कोरलेली चर. पोलादावर रबराची चर पडते हे खरं वाटत नाही, पण ओठात रुतलेले धुळीचे आणि कार्बनचे कण ते काम करतात. तिसऱ्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू कायम खाली उतरतो; तो ब्रीदरच्या पाइपातून पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेला लावलेला असतो. हा पाइप किंवा त्यातला व्हॉल्व्ह काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि जिथून वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. स्वीडनच्या व्होल्वो २४० या गाडीत याचा ठळक पुरावा मिळतो. १९७४ ते १९९३ एवढा काळ बनलेल्या या गाडीच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला कॅम, क्रँक आणि मधला शाफ्ट अशी तीन सीलं. तिच्या ब्रीदरच्या वाटेत फ्लेम ट्रॅप नावाची प्लास्टिकची छोटी जाळी बसवलेली असते. ती बुजली की सीलं गळू लागतात आणि जाळी न बदलता नवी सीलं बसवली तर तीही गळतात. ही गाडी सांभाळणारे जाणकार म्हणूनच सीलच्या आधी जाळी तपासतात. आपल्या गॅरेजांत हा क्रम रुजलेला नाही. ‘नवीन सील टाकलं तरी गळतंय’ या तक्रारीत दोष सीलवर किंवा मिस्त्रीच्या हातावर टाकला जातो, ब्रीदरचा पाइप मात्र कुणी काढूनही बघत नाही. तपासणी सोपी आहे: इंजिन संथ चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि तोंडावर कागद धरायचा. कागद आत ओढला गेला किंवा निदान स्थिर राहिला तर ठीक. उडू लागला तर आधी ब्रीदर साफ करायचा. तरीही उडत असेल तर रिंगा झिजल्या आहेत, आणि ते दुखणं वेगळं.

त्याआधी गळती खरंच सीलची आहे का, हेही ठरवावं लागतं. ऑइल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधलं ऑइल क्रँकच्या सीलच्या माथी मारलं जाणं नित्याचं आहे. इंजिन धुऊन, काही दिवस गाडी चालवून, वरून खाली बघत यायचं. सर्वांत वरची ओली जागा हे उगमाचं ठिकाण.

सील क्रँकचं गळत असेल तर कॅमच्या चांगल्या सीलला हात का लावायचा, हा आक्षेप अनुभवी मिस्त्रीच घेतात आणि त्यात तथ्य आहे. सील उपसताना स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टवर उठला तर कोरड्या जागी नवी गळती हाताने निर्माण केल्यासारखं होतं. पण दोन्ही सीलं एकाच वयाची, एकाच उष्णतेत भाजलेली असतात. एक गेलं तर दुसरं फार मागे नसतं. शिवाय या कामात सीलची किंमत नगण्य असते. पैसा आणि वेळ लागतो तो पुली, कव्हर, बेल्ट उतरवून टायमिंगच्या खुणा जुळवत पुन्हा बसवण्यात, आणि ती मजुरी एका सीलला जेवढी तेवढीच दोन्हींना. नुकतंच बदललेलं सील ठेवायला हरकत नाही. मूळचं असेल तर ते, ऑइल लागलेला बेल्ट आणि त्याला ताणून धरणारा टेन्शनर सगळंच बदलावं. ऑइल प्यालेला बेल्ट पेट्रोलने धुऊन परत चढवणं ही काटकसर मला पटत नाही. रबरात मुरलेलं ऑइल धुऊन निघत नाही आणि पेट्रोलही रबराचा शत्रूच.

ऑइलमध्ये टाकायच्या गळतीबंद औषधांचाही आग्रह होतो. त्यांतली रसायनं कडक रबराला थोडं फुगवतात, मऊ करतात, म्हणून काही काळ गळती घटते. पण शाफ्टवरची चर ती भरू शकत नाहीत, तुंबलेला ब्रीदर मोकळा करू शकत नाहीत. लवकरच भंगारात जाणार असलेल्या गाडीसाठी एवढा दिलासा पुरेसा असेल, ठेवायच्या गाडीसाठी नाही.

चर नखाला लागत असेल तर नवं सील एखाद-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. मात्र मागचं ऑइल परतायचं भोक झाकलं जाता कामा नये. चर खोल असेल तर शाफ्टवर चढवायच्या पातळ स्टीलच्या स्लीव्ह मिळतात. पॉलिश पेपर शाफ्टवर तिरका फिरवणं घातक, कारण तिरके ओरखडे स्क्रूच्या आट्यांसारखे ऑइल बाहेर खेचतात. रबरी ओठाला बसवताना ऑइल लावायचं. पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं, सील मात्र कोरडंच बसवतात. सील सरळ, चौफेर सारख्या दाबाने आत जायला हवं. एका बाजूने ठोकलेलं सील पहिल्या दिवसापासून गळतं. क्रँक पुलीचा बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्यानेच आवळावा, सैल राहिला तर पुलीची चावी आणि शाफ्टवरची तिची खाच दोन्ही खाल्ली जातात.

एवढा खर्च जुन्या गाडीवर करावा का, हा शेवटचा प्रश्न. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते, विकायला गेलं तर भाव येत नाही. मग हिशेब जमत नाही असं म्हणतात. पण तुलना गाडीच्या विक्रीच्या भावाशी करून चालत नाही. सील, बेल्ट आणि टेन्शनरच्या खर्चासमोर ठेवायचा तो बेल्ट तुटल्यावरच्या हेडच्या कामाचा किंवा दुसऱ्या गाडीचा खर्च. जी गाडी चालवायचीच आहे तिच्यासाठी गॅरेजमध्ये नुसतं ‘सील बदला’ असं सांगू नये. बेल्ट, टेन्शनर, दोन्ही सीलं आणि ब्रीदरची सफाई असं एकच काम कागदावर लिहून घ्यावं, उतरवलेलं जुनं सील आणि शाफ्टवरची जागा स्वतः बघावी, आणि काही शे किलोमीटरनंतर टायमिंग कव्हरचा तळ कोरडा आहे ना, हे पुन्हा तपासून घ्यावं.