हरळीची मुळी आणि कर्करोगाचें बीज

लोणी काळभोरच्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारा. पातें कापलें म्हणजे हरळी गेली, असें तो कधींही म्हणणार नाहीं. मुळी जमिनींत राहिली कीं पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हां वर येते. स्तनाच्या कर्करोगाची रीत कांहीं अंशीं अशीच आहे. औषधानें गांठ विरते, घरांत समाधान पसरतें. परंतु कांहीं रोग्यांत वर्षांनंतर रोग पुन्हां डोकें वर काढतो.

याचें एक कारण २००३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें. गांठींतील पेशी निवडून त्यांनीं उंदरांस टोंचल्या. एका प्रकारच्या अवघ्या शंभर पेशींपासून नवी गांठ झाली. इतर पेशी हजारोंनीं टोंचूनही झाली नाहीं. या बीजरूप पेशींस मूलपेशी म्हणतात. नेहमींचीं औषधें भराभर वाढणाऱ्या पेशींस मारतात. मूलपेशी पुष्कळदां संथ असतात आणि आंत शिरलेलें औषध बाहेर लोटतात. म्हणून एक औषध गांठीवर व दुसरें मुळीवर, अशी जोडी शोधावी लागते.

ही परीक्षा प्रथम कांचपात्रांत होते. त्यासाठीं लागणाऱ्या पेशी पुण्याच्या गणेशखिंडींतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र जतन करून संशोधकांस पुरवितें. जगभर वापरांत असलेला अशा पेशींचा एक वंश १९७० सालीं अमेरिकेंतील एका रुग्ण धर्मभगिनीच्या छातींतील पाण्यापासून मिळाला. ती त्याच वर्षीं निवर्तली. तिच्या पेशी अद्याप वाढत आहेत.

पेशी लहान खळग्यांत वाढवितात. कांहीं खळग्यांत औषध घालीत नाहींत, कांहींत पहिलें, कांहींत दुसरें, व कांहींत दोन्हीं घालतात. दोन-तीन दिवसांनीं एक द्रव्य मिसळतात. जिवंत पेशींत तें जांभळें होतें. रंग जितका फिका, तितक्या पेशी कमी उरल्या. जोडीचें काम अपेक्षित बेरजेहून अधिक भरलें, तर औषधांनीं परस्परांस साह्य केलें असें ठरतें.

पण ही झाली पात्यांची मोजणी. मुळी पाहण्यासाठीं उरलेल्या पेशी अशा पात्रांत ठेवितात कीं जेथें त्यांस तळाशीं चिकटतां येत नाहीं. तेथें बहुतेक पेशी मरतात. मूलपेशींसारख्या पेशी मात्र गोळे बांधतात. हे गोळे घटले तरच औषध मुळीपर्यंत पोहोंचलें असें मानण्यास आधार मिळतो.

पेशी शरीराबाहेर वाढविण्याची ही विद्या आपल्या देशांत रुजविण्यांत पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे अग्रगण्य होत्या. १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं मुंबईस भारतांतील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज लोणी काळभोर येथेंही एम. आय. टी. आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठांत जैव अभियांत्रिकीचें शिक्षण मिळतें.

तथापि कांचपात्रांतील यश म्हणजे रोगमुक्ति नव्हे. तीच जोडी निरोगी पेशींस किती बाधते, हें पाहावें लागतें. मग प्राण्यांवर, व शेवटीं मनुष्यांवर परीक्षा होते. म्हणून नव्या औषधाची वार्ता ऐकाल तेव्हां ‘किती पेशी मेल्या?’ एवढेंच विचारूं नका. ‘कोणत्या उरल्या?’ हेंही विचारा. शेतकरी निंदणी झाल्यावर मातींत हात घालून हेंच पाहतो.