रोबेर्तो बुर्ले मार्क्स

रोबेर्तो बुर्ले मार्क्स (४ ऑगस्ट १९०९, साओ पाउलो – ४ जून १९९४, रिओ दि जानेरो) हे ब्राझीलचे उद्यानरचनाकार, चित्रकार आणि वनस्पतिसंग्राहक होते. ब्राझीलच्या स्थानिक वनस्पतींना केंद्रस्थानी ठेवणारी आधुनिक उद्यानशैली त्यांनी घडवली. ते गायनाचे जाणकार व स्वतः गायक होते.

जीवन

त्यांचे वडील विल्हेल्म मार्क्स हे जर्मन ज्यू होते. आई सेसिलिया बुर्ले या पियानोवादक व गायिका होत्या; संगीत आणि बागकाम या दोन्हींची गोडी मुलाला त्यांच्याकडून लागली. १९१३ मध्ये हे कुटुंब रिओ येथे स्थायिक झाले. १९२८ मध्ये कुटुंब काही काळ बर्लिनला राहिले. तेथे रोबेर्तो यांनी चित्रकला व गायनाचे शिक्षण घेतले. बर्लिनच्या डाहलेम वनस्पती उद्यानातील काचगृहांत त्यांना ब्राझीलच्या वनस्पती जतन केलेल्या आढळल्या. त्या काळी ब्राझीलमधील बागांत मात्र युरोपीय धाटणीचे व तेथील झाडांचे प्राबल्य होते. हा विरोधाभास त्यांच्या पुढील कार्याची प्रेरणा ठरला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी रिओच्या राष्ट्रीय ललित कला विद्यालयात प्रवेश घेतला. १९३२ मध्ये वास्तुविशारद लुसिओ कोस्ता यांच्यामुळे त्यांना एका निवासस्थानाच्या बागेचे पहिले काम मिळाले. १९३४ पासून त्यांनी रेसिफे शहराच्या उद्यानांची जबाबदारी सांभाळली. तेथील सार्वजनिक चौकांत त्यांनी ॲमेझॉनमधील महाकाय पाणकमळे आणि कोरड्या प्रदेशातील निवडुंग लावले.

संगीत व उद्यानविचार

बुर्ले मार्क्स यांचा आवाज बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीचा पुरुषी आवाज होता. आपल्या घरी जमलेल्या पाहुण्यांसमोर ते ऑपेरातील गीते गात. त्यांनी वनस्पतीची तुलना स्वराशी केली आहे. एकच स्वर निरनिराळ्या स्वरमेळांत वेगळा भासतो. त्याचप्रमाणे एकाच झाडाचे मोल शेजारच्या झाडांनुसार बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. यामुळे ते एकाच जातीची झाडे मोठ्या समूहांत लावून त्यांचे रंग व आकार परस्परांच्या सान्निध्यात उठावदार करत. संगीताप्रमाणेच बागही काळाच्या ओघात उलगडते, हेही त्यांनी रचनेत गृहीत धरले.

प्रमुख कार्य

बेलो होरिझोंते येथील पाम्पुल्या परिसरातील उद्याने, रिओचे फ्लामेंगो उद्यान व ब्राझिलिया येथील इटामाराती प्रासादाच्या बागा ही त्यांची महत्त्वाची कामे होत. कोपाकबाना किनाऱ्यावरील पदपथावरची लाटांची नक्षी त्यांच्या आधीची आहे. १९७० च्या नूतनीकरणात त्यांनी ती कायम ठेवून रस्त्याच्या मधल्या व आतल्या पट्ट्यांवर अमूर्त आकृती योजल्या.

वारसा

१९४९ मध्ये त्यांनी भावासह रिओजवळील ग्वाराचिबा येथे जमीन घेतली. ब्राझीलभर केलेल्या भ्रमंतीत गोळा केलेल्या ३,५०० हून अधिक प्रकारच्या वनस्पती तेथे लावण्यात आल्या. काही नव्या जातींना त्यांचे नाव देण्यात आले आहे. ॲमेझॉनच्या जंगलतोडीविरुद्धही त्यांनी जाहीरपणे आवाज उठवला. १९८५ मध्ये त्यांनी ही मालमत्ता देशाला दान केली. अखेरपर्यंत ते तेथेच राहत होते. २०२१ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ज्या वनस्पती त्यांनी तरुणपणी परदेशातील काचेआड पाहिल्या, तशा वनस्पती आज तेथे त्यांच्या मूळ देशाच्या मातीत जपल्या जातात.