काळे प्लास्टिक पांढरे का पडते?

आडवाटेने चालणाऱ्या गाडीचा बंपर, चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या हे भाग बहुधा न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकचे असतात. त्यात कंपनीची काटकसर आहेच, पण शहाणपणही आहे. हा काळा रंग वरून मारलेला नसतो, तो प्लास्टिकच्या अंगातच कालवलेला असतो. शहापूरजवळच्या माहुली गडाच्या पायथ्याशी किंवा मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना आतल्या वाटेला करवंदीची जाळी घासली, तर दाराचा रंग सोलवटतो. पट्टीवरचा ओरखडा मात्र आतूनही काळाच असल्यामुळे फारसा उठून दिसत नाही.

तरीही चार-पाच उन्हाळ्यांत हे प्लास्टिक राखेच्या रंगाचे होते. 2 ऑक्टोबर 2020 रोजी बाजारात आलेल्या नव्या थार गाड्यांपैकी ज्या सतत उघड्यावर उभ्या राहिल्या, त्यांनी तेवढे उन्हाळे आता पाहिले आहेत.

हे प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन असते. धक्का बसल्यावर फुटू नये म्हणून त्यात रबर मिसळतात, ऊन सोसावे म्हणून बारीक काजळी. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला प्राणवायू मिळून पॉलिप्रॉपिलीनच्या लांबच लांब साखळ्या तोडतात. काजळी हे किरण शोषून घेते, म्हणून नासाडी वरच्या पातळ थरापुरती राहते. पण त्या थरात केसाहून बारीक भेगा पडतात, त्याची भुकटी होते आणि त्यावर प्रकाश चहूकडे विखुरतो. डोळ्याला दिसणारा पांढरेपणा तो हाच. सह्याद्रीतला काळा पाषाण कोरडा असताना करडा दिसतो आणि पावसात भिजला की काळाभोर होतो, तसाच हा प्रकार आहे. रंग उडालेला नसतो, पृष्ठभाग बिघडलेला असतो.

शहापूर-मुरबाडमध्ये या बिघाडाला हवामानाची साथ मिळते. हे तालुके कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मे महिन्याच्या मध्यास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मग जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. खरखरीत झालेल्या प्लास्टिकच्या रेषांत शेवाळ धरते. पाऊस सरला की कच्च्या रस्त्यांचा मुरूम आणि वीटभट्ट्यांची धूळ त्याच रेषांत जाऊन बसते.

उपाय करण्याआधी एक साधी परीक्षा करावी. पट्टी धुऊन वाळवावी आणि तिच्यावर पाण्याचा ओला हात फिरवावा. ओला भाग काळाभोर झाला, तर लेप देऊन काम भागेल. तरीही पांढरेच डाग राहिले, तर ते बहुधा गाडीच्या पॉलिशचे मेण असते. साबणपाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन ते आधी काढावे लागते.

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे डिझेल किंवा खोबरेल तेल चोळणे. पट्टी लगेच चमकते, कारण तेल भेगांत भरते. पण त्यावर धूळ चिकटून बसते, पहिल्या पावसात ते वाहून जाते, आणि डिझेलने दारांची रबरी पट्टी फुगते. हा उपाय सोडून दिलेलाच बरा. सिलिकॉनचे पॉलिश त्याहून स्वच्छ असले, तरी तेही काही आठवड्यांचेच.

हीट गनने शेकले, तर वरचा थर क्षणभर वितळून भेगा मिटतात आणि काळेपण डोळ्यांदेखत परत येते. मात्र पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंश सेल्सिअसला वितळते, आणि हीट गनची हवा 500 अंशांपर्यंत तापू शकते. हात एका जागी थांबला, की प्लास्टिकवरची दाणेदार नक्षी सपाट होते आणि तो तुळतुळीत डाग कायमचा राहतो. शिवाय तुटलेल्या साखळ्या शेकून जुळत नाहीत, त्यामुळे काही महिन्यांत पांढरेपणा पुन्हा येतो. गाडीच्या समोरच्या भागावर हा प्रयोग न केलेला बरा. रंग मारणे हा शेवटचा मार्ग. पॉलिप्रॉपिलीनला रंग सहजी धरत नाही. प्लास्टिकसाठीचा प्रायमर आधी दिला नाही, तर पोपडे निघतात. आणि रंगवलेली पट्टी करवंदीत घासली, की न रंगवण्याचा मूळ फायदाच गेला.

टिकाऊ काम सिरॅमिक किंवा रंगयुक्त लेपाने होते. त्याचे यश धुण्यावर अवलंबून असते. ब्रशने रेषा घासाव्यात, पट्टी सावलीत पूर्ण वाळवावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढावा. पांढऱ्या फडक्याला करडी भुकटी लागायची थांबली, की पृष्ठभाग तयार झाला असे समजावे. शेजारच्या रंगावर मास्किंग टेप चिकटवून, न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी करून पाहून, स्पंजने पातळ हात द्यावा आणि जादा लेप लगेच पुसून घ्यावा. जाड हात दिला, तर ओघळ वाळून बसतात. त्यानंतर किमान एक दिवस पाणी लागू देऊ नये. म्हणून या भागात हे काम भर पावसाळ्यात करू नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला सर्वांत योग्य. चांगला बसलेला लेप साधारण वर्षभर टिकतो, आणि गाडी पत्र्याच्या सावलीत उभी राहत असेल तर त्याहून जास्त.